हललेलं पाणी

कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायला एक चपटी पट्टी लागते, काडेपेटीएवढी. ती कॅमेऱ्याच्या तळाला स्क्रूने आवळायची आणि मग कॅमेरा खट्कन वर बसवायचा. ही पट्टी घरी राहिली आहे हे मला ओढ्यात पाय घातल्यावर कळलं.

उजाडत होतं. थंडी अशी की नाक आहे की गळून पडलं ते चाचपून बघावं. रबरी बुटात दोन-दोन मोजे घातले होते, तरी पाण्याचा गारवा पोटऱ्यांपर्यंत चढत होता. मी बॅगेचे सगळे कप्पे उलटे केले. एका कप्प्यात चमचा निघाला, दुसऱ्यात बाहुलीचा बूट. पट्टी नव्हती.

हे काम मुंगीचं. मुंगी म्हणजे माझी लेक. तिला पाय फुटून फार दिवस झाले नाहीत, पण फुटल्यापासून तिने एकच नोकरी धरली आहे, इथली वस्तू उचलून तिथे नेऊन ठेवणं. कुठून कुठे आणि का, ते तिचं तिला माहीत. आमच्या घरातली प्रत्येक वस्तू सध्या प्रवासात असते. पट्टी पुढे नवऱ्याच्या बुटात सापडली. त्याने घाईत पाय घातला आणि तसाच एका पायावर उभा राहून म्हणाला, "बायको, तुझा कॅमेरा मला चावला."

त्या सकाळी मी रिकाम्या हाताने परत आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "हातात धरून नाही का धबधब्याचा फोटो काढता येत? लोक तर मोबाइलवर काढतात."

"येतो बाबा. पण मला हवा तसा नाही येत."

"बरं," ते म्हणाले, आणि माझ्यापुढे गरम चहा ठेवला. त्यांच्याशी वाद घालायचा म्हटलं तर असा चहा मध्ये येतो.

मला हवा तसा म्हणजे कसा, ते सांगायला हवं. धबधबा म्हटलं की लोकांना कड्यावरून कोसळणारं काहीतरी आठवतं. माझा धबधबा माझ्या कमरेएवढा आहे. पाणीपुरवठ्याच्या टाक्यांच्या मागे एक घळ आहे, तिथे एक ओढा एका काळ्या दगडावरून खाली उतरतो, बस. हिवाळ्यात तर त्याचं पाणी इतकं कमी होतं की नवरा त्याला नळ म्हणतो. "आज नळाला पाणी आलं का गं?" असं विचारून स्वतःच हसतो. नुसत्या डोळ्यांनी बघितलं तर खरंच तिथे काही नसतं. पण भिंगापुढे काळी काच लावली आणि कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवला, की पाणी पडता पडता आपला माग ठेवत जातं. थेंब नाहीसे होतात आणि मलमलीचा तलम पदर सोडल्यासारखी धार उमटते. दगड मात्र केसभरही सरकता कामा नये. पाणी हललेलं हवं, दगड न हललेला. एवढीच अट. त्यासाठी कॅमेरा स्थिर हवा, आणि त्याच्या शेजारी उभी असलेली बाईही.

गेल्या वर्षभरात मी कशाहीसमोर अर्धं मिनिट स्थिर उभी राहिलेली नव्हते.

आणि हे सगळं हौस म्हणून चाललं नव्हतं. एक छोटी प्रकाशनसंस्था या भागातल्या ओढ्यांवर पुस्तक काढते आहे. त्यातली पुराची, उन्हाळ्याची आणि पानगळीची प्रकरणं माझ्या फोटोंची आहेत. पानगळीचे शेवटचे फोटो मी काढले तेव्हा मुंगी पोटात होती, आणि खाली वाकता येत नव्हतं म्हणून त्यात सगळे ओढे जरा उंचावरून दिसतात. राहिला हिवाळा. त्यासाठी दोन पानांवर पसरेल असा एकच फोटो हवा होता, लहान धबधब्याचा. संपादिकाबाईंनी सोमवारची मुदत घातली होती. तोवर आला तर माझा, नाहीतर त्या ड्रोनवाल्याचा घेणार होत्या.

ड्रोनवाला म्हणजे एक गृहस्थ आहेत. ते गाडीतून न उतरता नदीचे फोटो काढतात. वाईट काढत नाहीत. पण वरून बघितलं की ओढा म्हणजे शिंप्याने कापडावर मारलेली खडूची रेघ. त्यात पाणी आहे की नाही याच्याशी त्यांना कर्तव्य नसतं.

फोन ठेवताना संपादिकाबाई म्हणाल्या, "तुम्हाला आता जमत नसेल तर मी समजू शकते हं."

त्या मनापासून म्हणाल्या. पण ते 'समजू शकते' माझ्या पोटात गेलं आणि तिथेच ठाण मांडून बसलं. कारण सगळेच समजू शकत होते. शेजारीण समजू शकत होती, माझी आई फोनवर समजू शकत होती, नवरा तर फारच समजू शकत होता. जमेल, असं मात्र कोणी म्हणत नव्हतं. हा एक फोटो गेला असता तर पुस्तक छापून आलंच असतं, आणि त्यात पुरापासून पानगळीपर्यंत एक बाई असती आणि मग ती नसती. पुढच्या पुस्तकाला कोणी मला फोनही केला नसता. समजूतदारपणे.

दुसऱ्या वेळी पट्टी होती. मी ती रात्री उशाखाली घेऊन झोपले होते. पण नवरा ॲम्ब्युलन्स चालवतो, आणि त्याची ड्यूटी संपायच्या वेळेला कोणाचं दुखणं वाढेल ते सांगता येत नाही. त्या दिवशी सासरे दाताच्या डॉक्टरकडे गेले होते, म्हणून मी नवऱ्याच्या भरवशावर बसले. तो आला, हात धुतले, मुंगीला घेतलं, मी सुटले. घळीत पोचले तर ऊन माझ्याआधी येऊन बसलं होतं. हिवाळ्यातलं ऊन तिरपं असतं. ते टेकाडाच्या खाचेतून नेमकं त्या दगडावर पडतं, आणि एकदा पडलं की पाण्याच्या जागी कागद फाटल्यासारखा पांढरा डाग येतो. मी तिथे उभी राहून माझ्या धबधब्याला उन्हात छान चमकताना बघितलं. कुणीही म्हणालं असतं, किती सुंदर. मला त्याला लाथ मारावीशी वाटली.

तिसऱ्या वेळी मात्र सगळं जुळून आलं. आभाळ राखेच्या रंगाचं, वारा नाही. दगडाच्या वरच्या कडेला पानं आणि एक वाकडी काटकी अडकली होती, त्यामुळे पाणी फुटून तीन धारा झाल्या होत्या, एक जाड, एक बारीक, आणि एक अशी की आहे म्हणेपर्यंत नाही. कडेच्या शेवाळावर रात्रीच्या बर्फाचा पापुद्रा होता, दुधावरच्या सायीसारखा. ट्रायपॉडचा एक पाय सारखा वाळूत रुतत होता, त्यामुळे बरेच फोटो हलले. दगडांना दोन-दोन कडा आल्या. मग मी त्या पायाखाली चपटा दगड सरकवला, काळी काच पुसली, आणि श्वास धरून उभी राहिले. आणि मिळाला. कॅमेऱ्याच्या मागच्या एवढ्याशा पडद्यावर बघितला आणि कळलं, हा तो. तिन्ही धारा जिथे खालच्या डोहात उतरत होत्या तिथे त्यांची वाफ झाल्यासारखी दिसत होती, आणि दगड इतका ठाम, की त्याच्यावर डोकं टेकावं. तसेच अजून पाच-सात काढले. मग घाईने सामान भरलं, कारण छाती भरून दुखायला लागली होती. मुंगीची पिण्याची वेळ टळून गेली होती.

घरी दारातच रडण्याचा आवाज आला. सासऱ्यांच्या शर्टाला केळं, कानाला केळं. "मॅनेजरबाई आज कामगारांवर नाराज आहेत," ते म्हणाले आणि तिला माझ्याकडे दिलं. ते तिला मॅनेजरबाई म्हणतात.

सासूबाई नणंदेच्या बाळंतपणाला गेल्या आहेत. जाताना त्यांनी बाबांना आमच्याकडे सोपवलं की आम्हाला बाबांकडे, ते अजून स्पष्ट झालेलं नाही. बाबा फरशांच्या कारखान्यात तपासणीवर होते. समोरून पट्ट्यावर फरशा येत राहायच्या, हे बोटाच्या पेराने टकटक करायचे, आवाज बद्द आला की बाजूला. बाद. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण अजून ताट हातात घेतलं की पेर वाजतं. मुंगीला द्यायचं बिस्किटसुद्धा ते आधी उलटंसुलटं करून बघतात, कोपरा तुटका असेल तर स्वतः खातात. असा माणूस. त्यांनी मला आजवर वाकडा शब्द ऐकवलेला नाही, आणि हीच अडचण आहे.

मी मुंगीला छातीशी धरून पलंगावर आडवी झाले आणि नवऱ्याला फोन लावला. "मिळाला रे," म्हटलं. "मस्त मिळालाय. आता फक्त त्यातले हललेले सगळे काढून टाकायचेत, की पाठवते."

"म्हणजे नळाला पाणी आलं," तो म्हणाला.

कॅमेरा मी कपाटावर ठेवला होता, मुंगीच्या हाताला लागू नये म्हणून. ती झोपली की फोटो लॅपटॉपवर घेणार होते. ती झोपली. तिच्या आधी मी झोपले.

जाग आली तेव्हा दुपार उतरली होती. मुंगी शेजारी नव्हती. बाहेरच्या खोलीतून बाबांचा आवाज येत होता, "शाब्बास. आता तो डबा इकडे आणा. आणा आणा." मी किती दिवसांनी सलग झोपले होते. अंग हलकं झालं होतं. केस बांधत बाहेर आले तर बाबा खाली बसले होते, चष्मा कपाळावर, आणि हातात माझा कॅमेरा. मुंगी डबा घेऊन त्यांच्याकडे चालत येत होती आणि ते तिचा व्हिडिओ काढत होते.

"ये. बस," ते म्हणाले. "तुझं काम करून टाकलं."

"कसलं काम?"

"ते हललेले. तू फोनवर म्हणालीस ना, सगळे काढायचेत. म्हटलं पोरगी दमलीय, झोपू दे. एकेक करून काढले. फार विचारतं गं ते मशीन. दर वेळी विचारतं, नक्की का, नक्की का. म्हटलं, अरे नक्की."

माझ्या हातातली केसांची पिन हातातच राहिली. "कुठले हललेले, बाबा?"

"पाणी हललेले. दगड छान आलेत तुझे, पण पाणी बघ, जवळजवळ सगळ्यांत फिसकटलेलं. बिचारे एवढ्या थंडीत काढलेस, वाईट वाटलं मला. पण आहेत, चांगलेही आहेत थोडे, ते ठेवलेत. त्यात थेंब न् थेंब मोजून घ्यावा असा."

थेंब न् थेंब मोजून घ्यावा असे ते फोटो मी प्रकाश किती आहे ते बघायला काढले होते. काळी काच लावायच्या आधी. मी कॅमेरा घेतला आणि मागे मागे जात राहिले. डब्याची मुंगी, चमच्याची मुंगी, बूट घेऊन पडलेली मुंगी, आणि मग एकदम ते टोकदार, काचेचे तुकडे उधळल्यासारखं पाणी. आणखी काही नाही. मेहनत पाण्यात गेली, असं म्हणायचीही सोय नव्हती. पाणीच गेलं होतं.

"जागा झाली म्हणून मॅनेजरबाईंचे थोडे काढले," बाबा म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून, "काय झालं गं? चुकलं का काही?"

इथे मी काय म्हणायला हवं होतं? त्यांनी मला झोपू दिलं होतं. पोर सांभाळली होती. मी म्हणाले तेच, माझ्याच शब्दांत, नीट केलं होतं. आम्ही सगळेच असं म्हणतो. कोणाचा हात थरथरला की फोटो हलला, पोराने मान वळवली तरी फोटो हललाच. हललेला फोटो बाद, हे लहान मुलालाही कळतं. हलवायचा म्हणून कोणी फोटो काढत असेल, हे बाबांनी कुठून ओळखावं?

"नाही," मी म्हणाले. "काही नाही."

मग मी न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि टॉवेल दातात धरून उभी राहिले. संध्याकाळी नवरा आला, त्याला सांगितलं. तो आधी हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला, आणि मग म्हणाला, "बाबांना काही बोलू नकोस हं. त्यांना फार लागेल." मी म्हटलं, मी बोललेच नाहीये. तो म्हणाला, तेच म्हणतोय, तू समजूतदार आहेस. त्या क्षणी तो समजूतदार शब्द मी त्याच्या तोंडावर फेकून मारला असता, जर शब्द फेकता आले असते.

दुसऱ्या दिवशी मुंगीला कडेवर घेऊन कॅमेरादुरुस्तीवाल्याकडे गेले. काढून टाकलेलं कधीकधी परत मिळवता येतं. त्याने कार्ड संगणकात घातलं, जबडा खाजवत बसला. "वर दुसरं काही लिहिलंय का याच्यावर?"

"व्हिडिओ आहेत. बरेच."

"मग कठीण आहे, ताई." तरी त्याने प्रयत्न केला. त्याच्या पडद्यावर हळूहळू माझा फोटो उतरायला लागला. वरचं शेवाळ, बर्फाचा पापुद्रा, काटकी, तिन्ही धारांची तोंडं. आणि मग सरळ रेषेत कापल्यासारखं राखाडी. पुढचा, तसाच. त्याच्या पुढचा, तसाच. "वरचं पाणी आलंय," तो म्हणाला, "खालचं नाही आलं." मुंगीने त्याच्या टेबलावरचा छोटा स्क्रूड्रायव्हर उचलला होता, तो परत करून आम्ही निघालो.

रविवारी शेवटचा प्रयत्न होता. नवऱ्याला सकाळची ड्यूटी लागली. बाबा म्हणाले, "मी येतो की. मॅनेजरबाईंना मी धरतो, तू तुझा घोडा मांड." ट्रायपॉडला ते घोडा म्हणतात. मला एकटीनेच जायचं होतं. पण मुंगीला दात येत होते, ती माझ्याशिवाय राहत नव्हती, आणि मी घरात शिव्या गिळत बसण्यापेक्षा हे बरं. आम्ही तिघं निघालो. मुंगीला इतकं गुंडाळलं होतं की तिचे हात दोन्ही बाजूंना उभेच राहिले होते.

आभाळ पुन्हा राखाडी होतं. टेकाडाच्या मागे मात्र उजेड वाढत होता. फार वेळ नव्हता. गाडीत मी मुंगीला पाजायला घेतलं, म्हणजे ती शांत राहील आणि मला हात मोकळे मिळतील. बाबा अवघडून दुसरीकडे बघायला लागले. "मी जरा पुढे जाऊन बघतो," म्हणाले आणि हात चोळत उतारावरून खाली गेले.

मी मुंगीला घेऊन, सामान पाठीला लावून खाली पोचले तेव्हा ते ओढ्यात होते. विजारीचे पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेले, बूट काठावर, पाय लालबुंद. दगडाच्या कडेवरची पानं काढून झाली होती. ती त्यांनी काठावर नीट ढीग करून ठेवली होती. त्यावर ती वाकडी काटकी. पाणी आता एकाच बाजूने, एकाच सरळ धारेत पडत होतं. नळासारखं.

"कचरा अडकला होता गं," ते म्हणाले. "पाणी नीट पडत नव्हतं. बघ आता कसं सरळ येतंय."

मी बॅग खाली ठेवली. मुंगीला खाली ठेवलं. माझा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"बाबा, मला ते सरळ नको होतं. त्या कचऱ्याने तीन धारा पडत होत्या. तीन धारांसाठी मी इथे चौथ्यांदा आलेय. आणि परवा तुम्ही काढून टाकलेत ना, ते हललेले नव्हते. ते मी तसे काढले होते. मुद्दाम. ते चांगले होते. माझ्या आजवरच्या फोटोंतले सगळ्यांत चांगले होते. ते गेले. आणि आता मला काय मिळेल ते माहीत नाही, आणि उद्या द्यायचाय."

बाबा पाण्यातच उभे होते. एक पाय उचलून दुसऱ्यावर घासत होते. "आणि हे तू आज सांगतेस?"

"मग कधी सांगू? तुम्हाला बोलायचं तर तुम्ही काहीतरी वाईट करायला पाहिजे. तुम्ही सारखी मदतच करता. तुमच्यावर रागवायला मला जागाच नाही कुठे."

 बाबा काठावर आले, बसले, आणि मोजे घालायला लागले. "आमचा सुपरवायझर," ते म्हणाले, "चुकलं की सगळ्यांसमोर धुवायचा. आईबापापर्यंत जायचा. पण एकदा बोलला की संपायचं. दुपारी तोच तंबाखू मागायचा. तू दोन दिवस मला चहात जास्तीची साखर घालून देतेयस. मला वाटलं, तब्येत बरी नाही हिची."

मला हसू आलं नाही. पण त्यांचा दुसरा मोजा मी उचलून त्यांच्या हातात दिला.

"ते परत ठेवू का? काटकी, पानं?"

"नको. हात लावू नका आता कशाला."

मी ट्रायपॉड मांडला. पायांखाली दगड सरकवले. एकाच धारेचं काय करता येईल ते शोधायला वेळ लागला. समोरून ती खरंच न्हाणीघरातली वाटत होती. मग मी अगदी खाली, पाण्याला टेकेल इतका कॅमेरा उतरवला, आणि डावीकडून बघितलं. तिथून ती धार दगडाला धरून येत होती, त्याच्या एका भेगेत शिरत होती आणि बारीक होऊन बाहेर पडत होती. पाणी इतकं कमी होतं की त्याचा माग उमटायला पडदा नेहमीपेक्षा दुप्पट वेळ उघडा ठेवावा लागणार होता. मी पहिला काढला, हलला. वाळू. पुन्हा दगड सरकवला. टेकाडाची कड पिवळी व्हायला लागली होती.

आणि मुंगीने भोकाड पसरलं.

तिला थंडी वाजत होती, किंवा हिरडी ठणकत होती, किंवा मी तिच्याकडे बघत नव्हते. बाबांनी तिला उचललं, पानं दाखवली, स्वतःची टोपी काढून दिली. ती माझ्याकडे हात पसरून अंग टाकत होती. "मम्मम" म्हणत होती, म्हणजे मी आणि दूध दोन्ही.

"थांबतेस का जरा?" बाबांनी विचारलं. "घेतेस?"

घेतलं असतं तर दहा मिनिटं गेली असती. तेवढ्यात ऊन येणार होतं.

"नाही," मी म्हणाले. "तिला वर गाडीपाशी न्या."

"रडेल गं."

"रडू दे. न्या तुम्ही."

ते गेले. उतारावरून तिचा आवाज वर वर जात राहिला, झाडांमधून, मला हाका मारत. मी काळी काच लावली. कॅमेऱ्याला हात लागू नये म्हणून जोडलेल्या तारेचं बटण दाबलं आणि हात बाजूला घेतले. पडदा उघडला. आता तो मिटेपर्यंत मला काहीही करायचं नव्हतं, फक्त हलायचं नव्हतं. पायाखाली पाणी, पुढे पाणी, आणि वरून ती. आणि मग तिच्या आवाजाने मला पान्हा फुटला. आत्ताच पाजलं होतं तरी फुटला. शरीराला कोण सांगणार. कोटाच्या आत सदरा ओला होत गेला, आधी गरम आणि मग लगेच गार, आणि मी त्याला हातही लावू शकत नव्हते, कारण मी हलले तर वाळू हलणार होती. मी धारेकडे बघत राहिले. मोजलं नाही काही. पडदा मिटल्याचा आवाज आला तेव्हा मला वाटलं, मी काहीतरी भयंकर केलंय.

लगेच दुसरा काढला. मग तिसरा. तिसऱ्याच्या मध्येच ऊन उतरलं आणि दगड पांढरा झाला. मी सामान तसंच सोडून वर पळाले.

मुंगी बाबांच्या खांद्यावर उचक्या देत होती. मला बघून तिने तोंड फिरवलं. मग लगेच परत वळवलं, कारण तिला अजून रुसणं नीट येत नाही.

घरी आल्यावर मी आधी फोटो लॅपटॉपवर घेतले, आणि मग कोट काढला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. तिन्हींतला पहिला चांगला होता. परवाच्याइतका नव्हता. हे मला माहीत आहे आणि माहीत राहील. त्या तीन धारा मी पुस्तक उघडेन तेव्हा दर वेळी या फोटोच्या शेजारी बघणार आहे. पण यात एकच धार भेगेत शिरून बाहेर येते, आणि ती जिथून बाहेर येते तिथे ती किती बारीक आहे आणि तरी तुटलेली नाही, ते दिसतं. बाबांनी बराच वेळ बघितलं. "मला नाही कळत यातलं," ते म्हणाले. "हा ठेवायचा ना?"

"हा ठेवायचा."

"मग मी लांबच बसतो," म्हणून ते उठून मुंगीचं बिस्किट तपासायला गेले.

सोमवारी दुपारी संपादिकाबाईंचा निरोप आला. फोटो घेतला होता, दोन पानांवर. 'किती शांत वाटतं बघून,' असं लिहिलं होतं. 'खाली एक ओळ द्या ना, त्या जागेच्या शांततेबद्दल.'

मुंगी मांडीवर पीत होती. मी एका हाताने चार-पाच ओळी लिहिल्या आणि पुसल्या. त्यांच्यात पहाट होती, निवांत होतं, निसर्ग होता. एकही त्या जागेची नव्हती. शेवटी लिहिलं, 'हिवाळ्यात पाणी कमी असतं, म्हणून जास्त वेळ उभं राहावं लागतं,' आणि पाठवलं.

संध्याकाळी पानाची प्रत आली. त्यांनी ती ओळ जरा सुधारली होती. 'हिवाळ्यात पाणी कमी असतं, म्हणून निवांत थांबावं लागतं.'

मी मुंगीला बाबांकडे दिलं, दार लोटून घेतलं आणि फोन लावला.

"निवांत काढा," मी म्हणाले. "आणि थांबावं नको. उभं राहावं असंच ठेवा."

"अहो, पण वाचायला थांबावं जास्त मऊ वाटतं."

"हो," मी म्हणाले. "म्हणूनच नको."

 बाहेर मुंगी काहीतरी ओढत नेत होती, त्याचा खरखर आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "बरं. उभं राहू दे."